तीन इंचांचा हिशेब

आमच्या घराच्या मागच्या गॅलरीत २०२३ च्या दिवाळीपासून जवळजवळ वर्षभर लोखंडी पट्ट्यांचे चार जड जुडगे पडून होते. वर पोते, पोत्यावर तुळशीच्या जुन्या कुंड्या. भंगारवाला ओरडत गेला की सौ. माझ्याकडे बघायची आणि मी वर्तमानपत्रात डोके घालायचो. सदतीस वर्षांच्या बँकेतल्या नोकरीने एक सवय अंगात मुरली आहे. मूळ कागद कधी टाकायचा नाही. झेरॉक्स हरवली तर दुसरी काढता येते, मूळ प्रत गेली की गेली. ते चार जुडगे म्हणजे आमच्या जीपच्या चाकांवरचे मूळ पाटे होते. मला त्यातले फार काही कळत होते असे नाही. पण कंपनीने दिलेली वस्तू आहे, असू द्यावी, एवढेच कळत होते.

जीप या वाहनाशी माझे नाते जुने. १९८५ ते १९८८ मी अकोले तालुक्यातल्या एका शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. म्हशी, शेळ्या, शिलाई यंत्रे यांची कर्जे वाटायची, मग ती म्हैस खरोखर गोठ्यात आहे का ते बघायला जायचे. एस.टी. जिथे संपायची तिथून पुढे गटविकास अधिकाऱ्यांच्या जीपमध्ये मागच्या फळीवर जागा मिळाली तर ठीक, नाहीतर पायी. अमेरिकन सैन्यासाठी १९४१ मध्ये तयार होऊ लागलेली विलीस जीप स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांच्या कारखान्यात जोडली जाऊ लागली आणि पुढे चाळीसएक वर्षे महाराष्ट्राचा ग्रामीण भाग सरकारला भेटला तो बहुधा याच गाडीतून. लसीकरण, मतपेट्या, दुष्काळाची पाहणी, सगळे जीपमधून. आत बसलेल्याची हाडे खिळखिळी व्हायची, पण गाडी पोचायची.

म्हणून २०२२ मध्ये चिरंजीवांनी १९९६ सालची जुनी डिझेल जीप घ्यायचे ठरवले तेव्हा घरात एकट्या माझाच पाठिंबा होता. तो संगणकाच्या क्षेत्रात, आठवडाभर हिंजवडीला खुर्चीवर. रविवारी त्याला चिखल लागतो. आमच्या वेळी माणसे चिखलातून बाहेर पडायला नोकरी करत. आताची मुले नोकरी करून चिखल विकत घेतात. असो. गाडीची फेरनोंदणी झालेली होती, हरितकर भरलेला होता, कागद मी स्वतः तपासले. गाडी चांगली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झाले त्यात गाडीचा दोष नव्हता.

वर्षभराने त्याच्या बरोबरीच्या मित्रांच्या जीप एकेक करून उंच होऊ लागल्या. याला ती मंडळी ‘लिफ्ट’ म्हणतात. चाकांचा आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये जे पाटे असतात ते काढून जास्त कमानदार पाटे बसवायचे, पाट्याचे टोक ज्या दुव्याने सांगाड्याला लटकते तो शॅकल लांब करायचा आणि मग मोकळ्या झालेल्या जागेत मोठे टायर घालायचे. जीप तीन-चार इंच वर उठते. दिसायला रुबाबदार दिसते, यात शंका नाही. लहानपणी वडिलांच्या चपला घालून चालणारा मुलगा जसा दिसतो तशी मला ती वाटली, पण मी बोललो नाही. बोललो नाही, इतकेच नव्हे, दिवाळीची भेट म्हणून त्याचे पैसेही मीच दिले. आयुष्यभर दहा हजारांच्या पंपसेटलाही तीन कोटेशने मागणाऱ्या माणसाने एकही कोटेशन मागितले नाही. शहराबाहेरच्या एका गॅरेजने चार दिवसांत काम करून दिले.

गाडी घरी आली त्या दिवसापासून तिची कुरकुर सुरू झाली.

पहिली तक्रार आवाजाची. ताशी चाळीसच्या पुढे गेले की खालून घुमल्यासारखा आवाज यायचा आणि सीटमधून पाठीच्या कण्यापर्यंत थरथर जाणवायची. दुसरी तक्रार स्टिअरिंगची. वळण संपले तरी चाके आपणहून सरळ होत नसत, हाताने ओढून आणावी लागत. सरळ रस्त्यावर गाडी सारखी इकडेतिकडे बघत चालल्यासारखी चाले. तिसरी, खड्ड्यात चाक गेले की हातातले चक्र एकदम स्वतःच फिरे. चौथी, मोठ्या खड्ड्यातून बाहेर पडताना खाली ‘धाड्’ असा आवाज. पाचवी तक्रार आमची नव्हती, समोरच्यांची होती. रात्री निघालो की येणारी प्रत्येक गाडी आमच्यावर दिवे मारी. आम्हांला वाटे, काय उद्धट लोक आहेत! प्रत्यक्षात आमच्याच दिव्यांचा झोत त्यांच्या डोळ्यांत जात होता.

चिरंजीवांनी उपाय केले नाहीत असे नाही. चाकांचे बॅलन्सिंग तीनदा झाले. अलाइनमेंट झाली. टायरमधली हवा कमी केली, जास्त केली. स्टिअरिंगचे बॉल जॉइंट बदलले. एकदा तर एकाच दिवशी चार गोष्टी बदलल्या, आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटला आणि आठवड्याने पुन्हा आला. नेमके कशाने कमी झाला होता ते शेवटपर्यंत कळले नाही. ज्याने काम केले त्या गॅरेजचे उत्तर एकच, “नवीन पाटे आहेत, बसतील हळूहळू.” आम्हीही मग सवय करून घेतली. माणसाचे हेच वाईट. रोजच्या दुखण्याला तो दुखणे म्हणत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही सगळे भंडारदऱ्याला गेलो. मी, सौ., चिरंजीव, सूनबाई आणि सहा वर्षांची नात. माझ्या जुन्या तालुक्याचा पावसाळा नातीला दाखवायचा होता. रतनवाडीला अमृतेश्वराचे देऊळ पाहिले. काळ्या दगडावरून पाणी निथळत होते आणि रतनगड ढगात होता. परतताना चिरंजीवांना रस्ता सोडून ओढ्याच्या कडेची एक वाट दिसली. पाच-सहाशे मीटरचीच, पुढे पुन्हा रस्त्याला लागणारी. खडकांवरून जीप अशी गेली की मीही वाहवा केली. एकदा डावे पुढचे चाक खोल खळग्यात लोंबले, ‘धाड्’ झाले आणि आम्ही बाहेर आलो. रस्त्याला लागलो. पुढे उतार होता. त्याने ब्रेक दाबला आणि पेडल खाली गेले. त्याने दोनदा-तीनदा पटापट मारले, थोडे लागले, पुन्हा गेले.

तो ओरडला नाही. मला एवढेच दिसले की त्याने गिअर खाली टाकला, पुन्हा खाली टाकला, इंजिन किंचाळले आणि त्याने गाडी उजवीकडच्या मातीच्या बांधाला घासत नेऊन थांबवली. डावीकडे दरी नव्हती, पण भाताची खाचरे दहा-बारा फूट खाली होती. कोणालाही खरचटले नाही. एक आरसा मोडला. नातीने विचारले, “आजोबा, बाबांनी ब्रेक दाबला, मग गाडी का नाही थांबली?”

त्या रात्री आम्ही शेंडीला मुक्काम केला. चिरंजीव जेवला नाही. बाहेर पडवीत पावसाकडे बघत बसला. मी जवळ जाऊन बसलो. तो म्हणाला, “बाबा, चूक माझी आहे.” मी म्हणालो, “पैसे मी दिले होते. कर्ज मंजूर करणारा अधिकारी नंतर तपासणीला गेला नाही, तर बुडालेल्या कर्जात त्याचाही वाटा असतो.” त्याला हसू आले नाही. मलाही आले नाही. पण त्यानंतर आम्ही बोललो. दहा महिन्यांत त्या गाडीबद्दल आमचे पहिले खरे बोलणे ते होते.

दुसऱ्या दिवशी राजूरहून एक वयस्क मिस्त्री आले. सत्तरीच्या आसपासचे, पांढरी टोपी, बोलणे मोजके. माझ्या वेळच्या सरकारी जीपही त्यांच्याच हाताखालून गेलेल्या निघाल्या. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. ओल्या जमिनीवर पोते अंथरून खाली शिरले आणि दोन मिनिटांनी हात बाहेर काढून म्हणाले, “साहेब, हे बघा.” चाकाकडे ब्रेकचे तेल नेणारा रबरी होज पाइप तोटीपाशी चिरला होता. गाडी तीन इंच वर गेली होती आणि पाइप मात्र पूर्वीच्याच लांबीचा राहिला होता. सपाट रस्त्यावर तो पुरत होता. चाक लोंबले की ताणला जात होता. दहा महिने रोज थोडा थोडा ताणला गेला आणि त्या दिवशी चिरला.

“बाकीच्या तक्रारी सांगा,” ते म्हणाले. चिरंजीवांनी आवाजापासून सुरुवात केली. मिस्त्रींनी थांबवले. “आवाजानं माणूस मरत नाही. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग बाकीचं. आणि एका वेळी एकच गोष्ट करायची. करून झाली की चालवून बघायची. मग दुसरी.”

मला माझे पहिले शाखाधिकारी आठवले. अर्धवार्षिक ताळा जुळत नसला की आम्ही तरुण कारकून दहा खाती एकदम उघडून बसायचो. ते म्हणायचे, आधी फरक बघा. फरकाला नऊने भाग जातो का? जात असेल तर कुठेतरी आकडे उलटसुलट लिहिलेत, चोपन्नच्या जागी पंचेचाळीस. आणि ताळा कालपर्यंत जुळत होता ना? मग आधी कालच्या नंतरच्या नोंदी तपासा. आमच्या जीपचा ताळा २०२३ च्या दिवाळीपर्यंत जुळत होता. त्यानंतर नोंद एकच झाली होती. टायरवाले आणि अलाइनमेंटवाले यांच्याकडे धावण्याआधी आम्ही त्या एका नोंदीच्या मागे लागायला हवे होते.

मिस्त्रींनी तात्पुरता होज टाकून, ब्रेकची हवा काढून गाडी सावकाश आपल्या गॅरेजला नेली. आम्ही तीन दिवस राजूरला राहिलो. सूनबाई आणि नात एस.टी.ने पुढे गेल्या, सौ. मात्र हट्टाने थांबली. त्या तीन दिवसांत मी जे शिकलो ते जीप नसलेल्यांनाही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून सविस्तर सांगतो.

ब्रेकचे काम सरळ होते. संगमनेरहून त्याच आट्याचे, लांब होज मागवले. पण बसवण्याआधी मिस्त्रींनी जीपचा सांगाडा जॅकवर इतका उचलला की चाके मोकळी लोंबू लागली. होजची लांबी अशा लोंबत्या चाकाला मोजायची असते, उभ्या गाडीला नव्हे. मग चक्र दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाइप कुठे घासतो का ते पाहिले. त्याच अवस्थेत ‘धाड्’चे कारणही सापडले. शॉकअप जुन्याच मापाचे होते. चाक खाली गेले की पाट्याआधी शॉकअपच संपत होता आणि चाकाचे सगळे वजन त्याच्या दांड्यावर लटकत होते. दोन शॉकअपमधून तेल गळू लागले होते. म्हणजे धक्का शोषायला ठेवलेली वस्तू साखळीचे काम करत होती.

मग स्टिअरिंग. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, थोडा तिरका असतो. त्या तिरकेपणामुळे चाक आपणहून सरळ राहायला बघते. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असाच तिरकेपणा दिलेला असतो. त्याला कास्टर म्हणतात. आमच्या जीपला शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. शॅकल लांब केल्याने ते टोक खाली गेले, पाटा पुढे कलला, त्याच्याबरोबर आसही फिरला आणि कास्टर कमी झाला. बरे, शॅकल दोन इंच लांब केला तरी गाडी उचलली जाते एकच इंच, कारण आस पाट्याच्या मध्यावर असतो. म्हणजे एका इंचासाठी आम्ही स्टिअरिंगचा स्वभाव बिघडवला होता. अलाइनमेंटवाल्याने चाकांची तोंडे आत-बाहेर किती आहेत ते पाहिले होते, ती बरोबरच होती. चुकले होते ते त्याने पाहिलेच नव्हते.

याला उपाय पाचरीचा. पाटा आणि आस यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून आस पुन्हा मागे फिरवायचा. मिस्त्रींनी खाली पाहिले तर पाचर आधीच घातलेली होती! फक्त जाड बाजू उलटी. ज्या गॅरेजने काम केले त्यांना पाचर लागते हे माहीत होते, कुठून लावायची हे कोणी पाहिले नव्हते. दोष घालवायला घातलेल्या वस्तूने तो वाढवला होता. चिरंजीवांच्या फोनमध्ये कोन मोजायची सोय आहे. मिस्त्रींकडे पाणसळ, ओळंबा आणि गुण्या. दोघांनी आपापल्या परीने मोजले आणि दोघांचे आकडे जवळजवळ एकच आले. मिस्त्रींनी फोन हातात घेऊन कौतुकाने पाहिला आणि परत देताना म्हणाले, “चांगला आहे. पण कुठं लावायचा ते याला कळत नाही.”

खड्ड्यात चक्र फिरण्याचे कारण वेगळे निघाले. स्टिअरिंगच्या ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक मूळ गाडीत बरीचशी आडवी असते. गाडी उचलल्यावर तिला जिन्यासारखा उतार आला. चाक वर-खाली झाले की आता ती दांडी चाकाला नुसती सोबत करत नव्हती, बाजूला ढकलत होती. त्यासाठी खाली वाकलेला ड्रॉप आर्म लागतो. तो तिथे मिळाला नाही.

शेवटी घुमण्याचा आवाज. मिस्त्रींनी तपासायची युक्ती सांगितली. आवाज येतो त्या वेगाला क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू द्यायची. इंजिनाचे फेरे उतरूनही आवाज तसाच राहिला, तर इंजिन निर्दोष. आवाज तसाच राहिला. मग त्यांनी मागचा प्रोपेलर शाफ्टच काढून टाकला, फोर बाय फोर टाकून गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर चालवली. आवाज गायब! दहा महिन्यांचे कोडे अर्ध्या तासात सुटले.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना जे सांधे असतात त्यांना गॅरेजमध्ये क्रॉस म्हणतात. क्रॉस तिरका चालला की शाफ्ट एका फेरीत दोनदा किंचित जलद आणि दोनदा किंचित हळू फिरतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉसही तेवढ्याच कोनात असला तर ही चूक तिथे फिटते आणि चाकापर्यंत पोचत नाही. कंपनीने ते कोन जुळवलेले असतात. आम्ही गाडी उचलून एक कोन एका बाजूला आणि दुसरा दुसऱ्या बाजूला नेला होता. इथेही पाचर घालून मागचा आस हलकेच फिरवला, कोन जुळवले, आवाज बराचसा गेला. पुढच्या आसाला मात्र हे जमेना. कास्टर वाढवावा तर पुढच्या शाफ्टचा कोन बिघडतो, शाफ्टचा कोन साधावा तर कास्टर जातो. मिस्त्री म्हणाले, “पुढचा शाफ्ट फोर बाय फोरमध्येच जोर घेतो, तेव्हा वेग कमी असतो. स्टिअरिंग रोजचं आहे. त्याला आधी द्या.”

उरलेल्या गोष्टी लहान, पण जीव घेणाऱ्या. दिवे भिंतीवर झोत टाकून खाली केले. नवे पाटे बसवल्यावर काही दिवसांनी यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. ते कोणी आवळले नव्हते, प्रत्येकाला अर्धा-पाऊण फेरा बसला. वेगदर्शक काटा तर दहा महिने खोटे बोलत होता. मूळ टायर अठ्ठावीस इंच उंचीचा होता, आम्ही एकतीसचा घातला. काटा शाफ्टचे फेरे मोजतो, टायरची उंची त्याला माहीत नसते. काटा पन्नास दाखवी तेव्हा आम्ही पंचावन्नने जात होतो. आणि जीपचा तोल? दोन चाकांमधले अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, असे एक साधे माप आहे. समजा अंतर अठ्ठेचाळीस इंच आणि उंची चोवीस, तर उत्तर येते एक. उंची अठ्ठावीस झाली की ते पॉइंट शहाऐंशीवर येते. वळणावर उलटण्याची भीती तेवढी जवळ आली. हे गणित मी गॅरेजमधल्या बाकड्यावर वर्तमानपत्राच्या कडेला केले आणि कडा फाडून खिशात ठेवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जीप निमूट चालू लागली होती. चिरंजीवांचा चेहरा खुलला. तेव्हा मिस्त्रींनी सहज विचारले, “पण ही उंची हवी कशाला होती?”

“खाली खडक लागू नये म्हणून,” तो म्हणाला.

मिस्त्रींनी त्याचा हात धरून मागच्या आसाच्या मधल्या गोळ्यावर, डिफरन्शियलवर ठेवला. “खडक आधी कुठं लागतो? इथं. मग हे किती उचललं?”

तो गप्प झाला. मला समजायला थोडा वेळ लागला. पाटे असतात आसाच्या आणि सांगाड्याच्या मध्ये. ते कितीही कमानदार केले तरी सांगाडा वर जातो, आस जिथल्या तिथे. आस वर जातो तो फक्त टायरमुळे आणि तोही टायरच्या वाढलेल्या उंचीच्या निम्मा. तीन इंच मोठ्या टायरने दीड इंच. गाडीचे पोट वर गेले होते, बाजू वर गेली होती, दिवे, बसणारी माणसे, तोल, सगळे वर गेले होते. जे वर जायला हवे होते ते दीड इंच गेले होते.

परतीच्या वाटेवर मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली, जी खरे तर पैसे देण्याआधी सांगायला हवी होती. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२. नोंदणीत उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. म्हणजे आमची सुधारलेली, निमूट चालणारी जीपही कागदोपत्री चूकच होती. उद्या तिच्यामुळे कोणाला इजा झाली तर विम्याचा प्रश्न उभा राहिला असता, आणि विमा राहू द्या, आपण काय उत्तर दिले असते? वाहनकर्जाच्या फाइली मी आयुष्यभर चाळल्या. पण घरच्या गाडीला कायदा लागू होतो हे माणसाला उशिरा आठवते.

तो काही बोलला नाही. मीही आग्रह केला नाही. मुलगा पस्तिशीचा झाला की बापाने माहिती द्यावी, हुकूम देऊ नये. पुढच्या रविवारी सकाळी मागच्या गॅलरीतून कुंड्या सरकवल्याचा आवाज आला. बघतो तर तो पोते बाजूला करून पाट्यांवरचा गंज घासत होता. सौ. चहा घेऊन आली, तिने पाट्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाली, “बरं झालं विकले नाहीत.” माझ्या मते आमच्या लग्नाला झालेल्या वर्षांतला हा माझा सर्वांत मोठा विजय.

जुने पाटे, जुन्या मापाचे शॅकल, नवे बुश, मूळ लांबीचे होज आणि शॉकअप, मूळ मापाचे टायर. हे काम त्याने राजूरलाच करून घेतले. पाचरी काढल्या, कारण आता त्यांची गरज नव्हती. पाट्यांचे बोल्ट चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन पडल्यावर मग आवळायचे, अधांतरी आवळले तर रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो, हे त्या दिवशी कळले. मिस्त्रींनी मजुरी घेतली ती मोजकी. वरचे पैसे देऊ केले तर म्हणाले, “साहेब, उंच करायला पैसे जास्त लागतात. खाली आणायला नाही.”

या प्रकरणात आमचे पैसे गेले. दोन्ही वेळचे मिळून बरेच गेले. आकडा सौ.ला अजून पूर्ण सांगितलेला नाही. पण हिशेबाच्या वहीत मी तो बुडीत खात्यात टाकला नाही. ज्याने आपल्याला वेळेत थांबवले तो खर्च बुडीत नसतो. जमेच्या बाजूला एक नोंद केली की नावेच्या बाजूला तिची जोडी असते, हे मी सदतीस वर्षे दुसऱ्यांना शिकवले. तीन इंच जमेला घेतले तेव्हा समोरच्या पानावर होज, शॉकअप, कास्टर, शाफ्ट, दिवे, वेगाचा काटा, तोल आणि कायदा अशा आठ नोंदी पडल्या होत्या. आम्ही ते पान उलटून बघितले नव्हते, एवढेच.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा रतनवाडीला गेलो. तीच पाच माणसे. ओढ्याची ती वाट दिसली तसा चिरंजीवांनी गाडीचा वेग कमी केला. सौ.ने पुढच्या सीटची दांडी धरली. त्याने गाडी थांबवली, उतरला, पँट वर दुमडून पाण्यात गेला, खडक पाहिले, पायाने एक-दोन चाचपले आणि परत आला.

“नको,” तो म्हणाला. “पाणी जास्त आहे.”

आम्ही रस्त्यानेच गेलो. पुढे तोच उतार आला. त्याने ब्रेक दाबला, जीप हळू झाली. मागून नातीचा आवाज आला, “आजोबा, थांबली!”

“हो,” मी म्हणालो. त्या एका शब्दापुढे मला काही सुचले नाही.